पुसदला येतेस तर आधी रस्ता बघ

नेमणुकीची ऑर्डर हातात आली, मनापासून अभिनंदन गं. गावाचं नाव वाचल्यावर नकाशात पुसद तालुका शोधला असशील आणि आता रोज रात्री फोनवर खोल्यांचे फोटो बघत बसत असशील. ते फोटो जरा बाजूला ठेव. खोली कशी आहे, फरशी कुठली आहे, गॅलरी आहे का, हे पुसदमध्ये नंतरचे प्रश्न. तुझी शाळा म्हण, बँक म्हण, उपकेंद्र म्हण, ते शहरातून निघणाऱ्या कुठल्या रस्त्यावर आहे, हे आधी मला सांग.

मी या तालुक्यात बरीच वर्षं नोकरी केली आहे. बाहेरून आलेल्या मुलींसोबत खोल्या बघत फिरणं हे माझं ठरलेलं काम आहे, आणि ते मी आवडीनं करते. कारण नोकरी चांगली, माणसं चांगली, पण घर चुकीच्या टोकाला घेतल्यामुळे सहा महिन्यांत जीव मेटाकुटीला आलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. बदलीचे अर्ज त्यांनी गावाला कंटाळून केले नव्हते. रोजच्या येण्याजाण्याला त्या कंटाळल्या होत्या.

पुसद वाटीच्या तळाशी वसलेलं आहे. भोवती अजिंठ्याच्या डोंगररांगेचे फाटे, मधून पूस नदी. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ७३ हजार होती, म्हणजे गाव काही फार मोठं नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत स्कूटीवर कितीसा वेळ लागणार, असं कुणालाही वाटतं. म्हणून लोक म्हणतात, कुठंही घे खोली, सगळं जवळच आहे. शहरातच नोकरी असेल, म्हणजे फुलसिंग नाईक महाविद्यालयात, बाबासाहेब नाईक अभियांत्रिकीत किंवा तहसीलमध्ये, तर हे म्हणणं ठीक आहे. तू मात्र रोज शहराबाहेर जाणार आहेस, आणि इथून बाहेर पडायचं म्हणजे बहुतेक वाटांवर डोंगर ओलांडायचा.

आता एकेक वाट डोळ्यांसमोर आण. वाशीमचा रस्ता खंडाळ्याच्या घाटातून जातो. दिग्रसचा टेकड्यांमधून. उमरखेडचा पूस आणि पैनगंगा या दोन नद्यांच्या मधल्या चढउतारांवरून. शेंबाळपिंपरीवरून हिंगोलीकडे जाणारा इसापूर धरणाच्या अंगानं. गुंज-महागावकडचा नदीच्या खोऱ्याबरोबर जातो म्हणून त्यातल्या त्यात सरळ, पण थंडीत गाळप सुरू झालं की त्याच्यावर उसाचे ट्रॅक्टर आणि त्यांच्यामागे दोन-दोन ट्रॉल्या. संध्याकाळी त्या ट्रॉल्यांना मागचे दिवे असतीलच असं नाही. प्रत्येक रस्ता शहराच्या वेगळ्या तोंडातून बाहेर पडतो. तुझी शाळा उमरखेड रस्त्याला आणि खोली वाशीम रस्त्याला असेल, तर सकाळी शाळकरी पोरांनी भरलेल्या ऑटोंमधून आणि संध्याकाळी भाजीबाजाराच्या गर्दीतून तुला रोज अख्खं गाव आडवं कापावं लागेल. घाट अजून पुढेच आहे, आणि दमायला होतं ते आधीच.

म्हणून माझा हिशोब साधा आहे. तू कशानं जाणार, त्यावर घर ठरव. स्वतःच्या गाडीनं जाणार असशील तर आपल्या रस्त्याच्या तोंडाशी घर घे. एसटीनं जाणार असशील तर बसस्टँडपासून पायी जाता येईल असं घे, कारण गाडी कुठल्याही दिशेची असो, ती सुटते स्टँडवरूनच, आणि बसायला जागा हवी तर स्टँडवरच चढावं लागतं. पुढच्या चौकात उभी राहिलीस तर उभ्यानंच जाशील. चार-पाच जणांनी मिळून महिन्याच्या वर्गणीवर गाडी लावली असेल, इकडे शिक्षक-शिक्षिकांची ही पद्धत फार आहे, तर ती गाडी शेवटचा माणूस जिथून घेते त्या चौकाच्या आसपास घे. म्हणजे सकाळची पंधरा-वीस मिनिटं तुझी राहतात. डबा करून निघणाऱ्या बाईला ती किती मोलाची असतात, हे तुला पहिल्याच आठवड्यात कळेल.

एसटीबद्दल थोडं सविस्तर सांगते. १७ मार्च २०२३ पासून राज्यात बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालं, आणि त्यानंतर अप-डाऊन करणाऱ्या कितीतरी जणी काळीपिवळी सोडून एसटीवर आल्या. तूही शक्यतो एसटीच धर. घाटात मला एसटीच्या ड्रायव्हरएवढा भरवसा दुसऱ्या कुणाचा वाटत नाही. पण स्टँडवरचा वेळापत्रकाचा फलक वाचून निर्णय घेऊ नकोस. वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीशी जा, गावाचं नाव सांग आणि दोनच गोष्टी विचार: सकाळी त्या गावाला पहिली फेरी किती वाजता सुटते, आणि संध्याकाळी परतीची शेवटची फेरी गावातून किती वाजता निघते. मग हेच दोन प्रश्न त्या गावातल्या किराणा दुकानदाराला विचार. दोन्ही उत्तरं जुळली तर ती फेरी खरी. तुझ्या वाटेवर मानव विकासची निळी बस असेल, तर ती मुलींच्या शाळेसाठी असते हे ध्यानात ठेव. शाळेला सुट्टी म्हणजे त्या बसलाही सुट्टी. उपकेंद्रातल्या नर्सताईला तिच्या भरवशावर राहता येत नाही. गावाला मुक्कामी गाडी जात असेल तर ते फार चांगलं. म्हणजे अंधार पडल्यावरही गावात पोचायला आणि पहाटे निघायला एक वाट उघडी राहते.

आणि यात्रेचे दिवस वर्षाच्या सुरुवातीलाच कॅलेंडरवर लाल पेनानं लिहून ठेव. नवरात्रात आणि दत्तजयंतीला माहूर, रामनवमीला पोहरादेवी, आषाढीला पंढरपूर. जादा गाड्या तिकडे सुटल्या की आडगावच्या फेऱ्या कमी होतात, हे दरवर्षीचं आहे. त्या दिवसांत कुणाच्या गाडीवर जायचं, ते आठवडाभर आधी ठरलेलं असू दे.

आता थोडं अवघड बोलते. जिल्हा परिषदेची नोकरी असेल तर मुख्यालयी राहण्याची अट असते. ग्रामसभेच्या ठरावाचा, घरभाडे भत्त्याचा विषय अधूनमधून निघतो, निवळतो, पुन्हा निघतो. अप-डाऊन करणारे भोवती खूप दिसतील आणि पहिल्याच दिवशी कुणीतरी तुला सांगेल, कागदावर गावचा पत्ता टाक, बाकी आम्ही बघतो. तसं करू नकोस. नोकरीच्या पहिल्या वर्षी खोट्या कागदावर सही करायची सवय लागली तर ती पुढे सोडवत नाही. तुझ्या पदाला नेमका कुठला नियम आहे तो गटशिक्षणाधिकारी किंवा तालुका आरोग्य अधिकारी कार्यालयात सरळ विचार, आणि जे खरं आहे तेच लिही.

आणि खरं सांगू, गावात राहणं वाटतं तितकं कठीण नाही. या तालुक्यात बंजारा तांडे आहेत, आंध आदिवासींची गावं आहेत. तांड्यावरच्या शाळेत मुलं घरी गोरमाटी बोलतात आणि पहिलीत आल्यावर मराठी ऐकून बावरतात. त्यांच्या दारात संध्याकाळी बसलेल्या बाईला जे समजतं, ते साडेपाचची गाडी पकडायला धावणाऱ्या बाईला समजत नाही. तीजच्या दिवसांत तांड्यावर असशील तर पोरी तुला ओढून घेऊन जातील. गावात बंद दाराची खोली, स्वतंत्र संडास आणि पाण्याची सोय हे तिन्ही मिळत असेल, तर मी तुला गावातच राहा म्हणेन. यातलं एक जरी नसेल तर पुसद. या तीन गोष्टींत तडजोड करायची नाही. कुणी कितीही मायेनं म्हटलं, की आमच्या घरातलीच हो, तरीही नाही.

पावसाळ्याचं सांगते ते मात्र नीट ऐक. डोंगराळ मुलखात पाणी मुरायला थांबत नाही, उतारानं धावत सुटतं. घाटात वर कुठंतरी तासभर कोसळलं की खाली, जिथं थेंबही पडलेला नाही तिथं, नाला फुगून येतो. आतल्या रस्त्यांवर पूल कमी आणि रपटे जास्त. रपटा म्हणजे नाल्याच्या पात्रातच बांधलेला ठेंगणा रस्ता. उन्हाळ्यात तो तुझ्या नजरेतही भरणार नाही, जुलैत त्याच्यावरून कमरेएवढं पाणी जात असतं. गढूळ पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की वाहून गेला, हे काठावरून कुणालाच दिसत नाही. २८ सप्टेंबर २०२१ ला उमरखेडजवळ दहागावच्या पुलावर पुराचं पाणी असताना नांदेडहून नागपूरला निघालेली एसटी बस वाहून गेली आणि त्यात माणसं गेली. एवढी मोठी गाडी. आपली स्कूटी त्यापुढे काय गं?

म्हणून पाणी उतरेपर्यंत थांबायचं. मुख्याध्यापक रागावले तरी थांबायचं. पगार कापला तरी थांबायचं. अलीकडच्या काठावर दोन-तीन तास बसावं लागलं तर तिथल्या शेतातल्या घरी जाऊन बस. इकडचा माणूस अशा वेळी चहा न देता सोडत नाही. सोबतच्या पुरुषांनी हात धरतो, चल म्हणून घाई केली तरी हलू नकोस. खोली ठरवण्याआधी या रपट्यांची मोजणी करायची. तुझ्या रस्त्यावर किती रपटे आहेत, त्यातला कुठला आधी बुडतो, किती वेळात उतरतो, हे त्या रस्त्यानं रोज दूध घेऊन येणाऱ्याला विचार. त्याला ते पाठ असतं. वाटेत घाटही आहे आणि रपटाही आहे, अशी जागा असेल तर माझं स्पष्ट मत ऐकून घे: जुलै ते सप्टेंबर गावातच राहा. बाकीचे महिने हवं तर पुसदहून ये-जा कर. दोन ठिकाणी भाडं जातं, हे मला माहीत आहे. तरीही.

स्कूटीचंही सांगते. घाटाच्या उतारावर पेट्रोल वाचवायला गाडी बंद करून सोडून देतात, हे तू पहिल्याच दिवशी पाहशील. कधीही करू नकोस. नुसत्या ब्रेकवर उतरलीस तर ब्रेक तापतात आणि वळणावर नेमके दगा देतात. पहिल्या पावसात रस्त्यावर धूळ आणि तेल मिळून चिकट थर होतो, तेव्हा वळणावर जपून. अंधार पडला की रोही, म्हणजे नीलगायी, आडवे येतात. एक रोही रस्ता ओलांडून गेला म्हणजे वाट मोकळी झाली असं समजू नकोस, त्याच्यामागे आणखी असतात. घाटात फोनची रेंज जाते, म्हणून घाटाच्या पायथ्याशी थांबून कुणाला तरी निघाल्याचा निरोप टाक आणि पलीकडे उतरल्यावर पोचल्याचा. यात लाजायचं काही नाही. आमच्यातल्या अप-डाऊन करणाऱ्या सगळ्या बायका हे करतात, अजूनही करतात. सूर्य मावळायच्या आत घाट उतरलेला असावा, एवढा नियम तर स्वतःलाच घालून घे. पलाशाच्या दिवसांत, फेब्रुवारी-मार्चमध्ये, हा घाट फार देखणा होतो. थांबावंसं वाटेल. सकाळी थांब, संध्याकाळी नको.

आता घराकडे वळू. डोंगर म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांसमोर महाबळेश्वर येत असेल तर ते आत्ताच पुसून टाक. आपला डोंगर सागाचा आणि काळ्या दगडाचा. उन्हाळ्यात साग निष्पर्ण होतो, दगड दिवसभर तापतो आणि रात्री उष्णता सोडत राहतो. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांना टेकतो. वरच्या मजल्यावरची, पश्चिमेला भिंत असलेली, डोक्यावर उघडा स्लॅब असलेली खोली स्वस्तात मिळेल आणि एप्रिलपासून तुला झोप लागणार नाही. तळमजला घे किंवा वर आणखी एक मजला असलेली खोली घे. कूलर ठेवायला खिडकी आहे का ते बघ, आणि कूलरला रोज बादल्यांनी पाणी लागतं, तेव्हा लगेच पुढचा प्रश्न पाण्याचा.

पाण्याच्या बाबतीत उंचावरची वस्ती आणि खालची वस्ती यात फरक पडतो. टेकडीच्या उतारावर नवे ले-आऊट पडले आहेत. हवा छान, नजारा छान, गर्दी नाही. पण चढावर नळाला जोर कमी आणि बोरला पाणी लागेल की नाही ते खालच्या खडकावर. घरमालक म्हणेल, बोर आहे ना. तू विचार, मे महिन्यात चालते का? आणि हा प्रश्न मालकाला नाही, शेजारणीला विचार. शहराला लागून असलेल्या श्रीरामपूर, काकडदाती अशा ग्रामपंचायतींकडेही वस्ती बरीच पसरली आहे. तिथं भाडं परवडतं, पण नळ नगरपरिषदेचा की ग्रामपंचायतीचा, पाणी किती दिवसांआड येतं, पथदिवे कुठपर्यंत आहेत, कचऱ्याची गाडी येते का, हे घराघरांत वेगळं निघतं. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना वेगळं निघू शकतं. या तालुक्याला पाण्याची किंमत पहिल्यापासून माहीत आहे. गहुलीचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९७२ चा दुष्काळ पडला, आणि पुढे सुधाकरराव नाईकांच्या कारकिर्दीत, १९९२ मध्ये, राज्यात जलसंधारणाचं स्वतंत्र खातं झालं. तेव्हा पाण्याचं विचारलंस म्हणून इथं कुणी तुला चिकित्सक म्हणणार नाही.

जुन्या गावात, नदीच्या बाजूला, मोठ्या वाड्यांमधल्या खोल्या मिळतात. जाड भिंतींमुळे उन्हाळ्यात त्या गार असतात, शेजार भरलेला असतो, रात्री आजारी पडलीस तर दार वाजवायला माणूस असतं. एकट्या मुलीला मी पहिल्या वर्षी असा भरला शेजारच सुचवते, नव्या ले-आऊटमधलं एकटं घर नाही. मात्र भिंतीवर ओलीची जुनी रेघ आहे का ते बघ, आणि नदीला मोठं पाणी आलं की ते कुठपर्यंत चढतं हे गल्लीतल्या एखाद्या आजीला विचार. रस्त्यावरचे दिवे बघायला रात्री आठनंतर एकदा त्या गल्लीतून चालून ये. दिवसा सगळ्याच गल्ल्या चांगल्या दिसतात.

घरमालक तुला आडनाव विचारतील. खातेस-पितेस काय, कोण येतं-जातं, लग्न कधी, हेही विचारतील. आडनाव ऐकल्यावर अचानक खोली भाड्यानं गेलेली असते, असा अनुभव इथं काही मुलींना आला आहे, आणि मला त्याची मनापासून चीड आहे. तसं झालं तर तिथं विनवण्या करत थांबू नकोस. खोली देणारे चांगले लोकही याच गावात आहेत, आणि आपल्या शाळेतल्या, बँकेतल्या जुन्या बायकांना ते माहीत असतात. दलालाआधी त्यांना विचार. अकरा महिन्यांचा करार लेखी कर, विजेचं मीटर वेगळं आहे का ते त्यात लिहून घे, डिपॉझिटची पावती घे. पुढच्या दोन-तीन महिन्यांत ओळख वाढली की मग बोलणं सैल होऊ दे, कागद नाही.

आणि एक, रेल्वेच्या नावावर जास्त भाडं देऊ नकोस. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गावर पुसद आहे, हे खरं. २८ फेब्रुवारी २०२४ ला त्यातल्या वर्धा-कळंब टप्प्यावर गाडी सुरू झाली, हेही खरं. ती इथपर्यंत येईल तेव्हा आम्हा सगळ्यांना आनंदच होईल. पण उद्या स्टेशन होणार म्हणून आज भाडं वाढवून मागणाऱ्याला हात जोड. तुला आज माहेरी जायचं तर वाशीम किंवा नांदेडला जाऊन गाडी धरायची, नाहीतर रात्रीची ट्रॅव्हल्स. वाशीमच्या गाडीसाठी पुन्हा तोच खंडाळ्याचा घाट आहे, तेव्हा पहाटेच्या गाडीचं तिकीट काढलंस तर आदल्या दिवशी संध्याकाळी वाशीमला मुक्कामाला जा.

रुजू व्हायच्या आधी दोन दिवस काढून ये, एकटी येऊ नकोस. कामाचा वार असू दे, रविवार नको. सकाळच्या पहिल्या फेरीनं गावात जा, तिथली जागा बघ, परतीच्या शेवटच्या गाडीनं ये. पाऊस असेल तर आणखी चांगलं. माझ्याकडे उतर, जेवण माझ्याकडेच. दुसऱ्या दिवशी आपण दोघी मिळून खोल्या बघू, आणि टोकनचे पैसे त्यानंतरच द्यायचे, त्याआधी एक रुपयाही नाही.